जमा केलेला नंबर

बायको गेली आणि आठ दिवसांच्या आत बिल्लेवाल्यांनी तिचं सगळं जमा करून टाकलं.

वाचनालयाची दोन पुस्तकं आणि कार्ड परत केलं. शिवणयंत्राला तेल घातलं, फडक्यानं पुसलं आणि मेव्हणीकडे पोचवलं. मग मोबाइलच्या दुकानात जाऊन बायकोचा नंबर बंद करायचा अर्ज दिला, आणि तिचा फोन तिथल्याच माणसाकडून साफ करून घेतला. तोही मेव्हणीला द्यायचा होता.

"आतलं सगळं पुसू ना, काका? मागून मिळणार नाही हं," दुकानदारानं दोनदा विचारलं.

"वस्तू परत करायची तर स्वच्छच करायची," बिल्लेवाले म्हणाले.

त्यांची सवयच तशी होती. चौतीस वर्षं ते कारखान्याच्या टूलरूममध्ये खिडकीमागे बसले. प्रत्येक कामगाराला नंबर घातलेले पितळी बिल्ले असायचे. हत्यार न्यायचं तर बिल्ला खिडकीवर ठेवायचा, हत्यार परत आणलं की बिल्ला परत. कामगार नोकरी सोडून गेला किंवा मेला, की त्याची हत्यारं पुसून मोजून घ्यायची, वहीत त्याच्या नंबरावर रेघ मारायची, आणि पुढच्या सोमवारी तेच बिल्ले नव्या माणसाच्या हातात द्यायचे. ह्यात कुणी उशीर केला की बिल्लेवाल्यांना जेवण गोड लागायचं नाही. कारखाना सुटून सात वर्षं झाली तरी लोक त्यांना बिल्लेवालेच म्हणत.

बायकोच्या बाबतीतही त्यांनी रेघ मारली. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

चार महिन्यांनी मेव्हणी आली. बसली, पाणी प्यायली, इकडेतिकडे बघितलं. भांडी जागच्या जागी होती, पलंगपोसाला सुरकुती नव्हती, आणि घरात कुणी राहत असेल असं वाटत नव्हतं.

"भावोजी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"पोरगी आली नाही ती नाहीच. दोन ओळीसुद्धा नाहीत. सख्खी आई गेली, एवढी कशी दगड झाली ती?"

बिल्लेवाल्यांनी पलंगपोसाची कड सरळ केली.

"तुम्ही कळवलंत ना? त्या दिवशी म्हणालात, मी कळवतो."

"म्हणालो होतो."

"मग?"

"कुठे कळवणार? सहा वर्षं झाली. पत्ता कुठाय माझ्याकडे?"

मेव्हणीनं पेला खाली ठेवला. "अहो, ताईकडे होता की! दर रविवारी लिहायच्या एकमेकींना. ईमेलवर. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत नव्हतं. बिल्लेवाल्यांना आठवलं, रविवारी दुपारी बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. चष्मा नाकावर खाली आणून फोनवर एका बोटानं टकटक करत राहायची. 'काय चाललंय?' विचारलं की म्हणायची, 'शब्दकोडं.' सहा वर्षं ती एकच कोडं सोडवत होती, आणि दार उघडं टाकून.

मुलीचं नाव ह्या घरात काढायचं नाही असं बिल्लेवाल्यांनीच ठरवलं होतं. लग्नानंतर आठ महिन्यांत ती परत आली होती. का आली ते तिनं आईला सांगितलं. बापानं विचारलं नाही. 'दिल्या घरी राहायचं,' एवढंच त्यांनी लावून धरलं. बारा दिवस रोज भांडण झालं. तेराव्या दिवशी तिनं बॅग उचलली. पुढे कुठल्या तरी थंड देशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी धरली, एवढं उडत उडत कानावर आलं होतं.

"तुझ्याकडे आहे तो ईमेल?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे कुठला? ताई मला वाचून दाखवायची. तिच्या फोनात होतं सगळं."

फोन मेव्हणीच्याच पिशवीत होता. तो आता नव्यासारखा कोरा होता.

मेव्हणी उठताना म्हणाली, "म्हणजे त्या पोरीला अजून माहीतच नाही. आई आहे म्हणूनच चाललीय ती."

हे वाक्य बिल्लेवाल्यांच्या डोक्यातून जाईना. दोन दिवस ते तेच ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फायलीतून वाचनालयाचा जुना अर्ज शोधून काढला. त्यावर बायकोच्या अक्षरात तिचा ईमेल पत्ता होता. तो कागद घेऊन ते फॉर्मवाल्या बाईंकडे गेले.

कचेरीसमोरच्या गल्लीत बाईंचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र, भिंतीला लागून बाक. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि तोंड असं की समोरचा अर्ज भरण्याआधीच निम्मा व्हावा.

"ह्या पत्त्यावर आलेली पत्रं मला बघायचीत," बिल्लेवाले म्हणाले.

"कुणाचाय पत्ता?"

"बायकोचा."

"मग बायकोला आणा. दुसऱ्याची पत्रं मी उघडून देत नाही. नवरा असला तरी."

"ती गेली. चार महिने झाले."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बसा," त्या म्हणाल्या. "पासवर्ड काय?"

"तो काय असतो?"

मग बाईंनी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. पत्ता म्हणजे घराचा नंबर. तो वाटेल त्याला द्यायचा, म्हणजे लोक पत्र टाकतील. पासवर्ड म्हणजे त्या घराची किल्ली. ती कुणालाच द्यायची नाही.

"म्हणजे बिल्ला खिडकीवर आणि कपाटाची किल्ली खिशात," बिल्लेवाले म्हणाले.

"काय ते कळलं नाही, पण असेल."

"पण फोन तर मी साफ करून घेतला. पत्रं गेली असतील ना त्यातली?"

"फोनात नव्हतीच ती, काका. पत्रं राहतात कंपनीच्या मोठ्या मशीनमध्ये, कुठेतरी लांब. फोन म्हणजे नुसती आत बघायची खिडकी. तुम्ही खिडकी काढलीत. खोली आहे तिथंच आहे."

बिल्लेवाले बाकावर पुढे सरकले. "म्हणजे तिची पत्रं आहेत? आत्ता?"

"आहेत की."

"आणि नवी आली असतील तर?"

"तीही पडली असतील आत."

"परत नाही जात? पूर्वी पत्र परत जायचं. पोस्टमन लिहायचा, 'मालक मयत'. पाठवणाऱ्याला कळायचं."

"खात्याला काय माहीत माणूस गेलं ते?" बाई म्हणाल्या. "पत्ता बरोबर असला की घेतं आत. वर्षानुवर्षं घेत राहील."

बिल्लेवाल्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे पोरगी लिहीत असेल. पत्र पोचत असेल. उत्तर जात नसेल. तिला काय वाटत असेल? आईनंही तोंड फिरवलं, दुसरं काय वाटणार.

बाईंनी पासवर्ड ओळखून बघू म्हटलं. बिल्लेवाल्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, घराचा नंबर सांगितला. जमलं नाही. "मुलीची जन्मतारीख?" बाईंनी विचारलं. चौदा की पंधरा, त्यांना सांगता येईना. कारखान्यातल्या दोनशे माणसांचे नंबर त्यांना आजही तोंडपाठ होते. बाईंनी दोन्ही तारखा टाकून बघितल्या. दोन्ही चुकल्या.

"आता आणखी घोळ घातला तर कुलूपच बसेल. 'पासवर्ड विसरलो' म्हणू. मग ते कोड पाठवतात. हे बघा, शेवटी अडतीस असलेल्या मोबाइलवर पाठवू का विचारतंय. आहे ना नंबर?"

"तो मी जमा केला."

"कुठे जमा केला?"

"कंपनीत. रीतसर अर्ज देऊन."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मोबाइलचा नंबर काय कपाटात ठेवतात का? थोडे दिवस थांबतात आणि दुसऱ्याला देऊन टाकतात!"

बिल्लेवाल्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? मेलेल्या माणसाचा बिल्ला नव्याच्या हातात ठेवताना 'सांभाळ' एवढंच म्हणायचं. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही वेळेत.

"लावून बघा त्या नंबरला," बाई म्हणाल्या. "जिवंत असेल तर कुणीतरी उचलेलच."

त्यांनी स्वतःच्या साध्या फोनवरून नंबर लावला. बटणं दाबताना बोट सवयीनं आपोआप फिरलं. एका पुरुषानं उचलला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"हॅलो, हा नंबर पूर्वी माझ्या बायकोचा होता. तुमच्याकडे आता एक कोड येईल, तो मला—"

"वा! आज बायको काय? काल बँकेचा साहेब होता. लाज नाही वाटत ह्या वयात?" आणि फोन बंद.

दुसऱ्यांदा लावला. "काका, कंपनीनं मला शंभरदा सांगितलंय, कोड सख्ख्या भावाला पण सांगू नको. तुम्ही कोण लागून गेलात?"

तिसऱ्यांदा बिल्लेवाल्यांनी कोड मागितलाच नाही. "तुम्ही कुठे असता? मी तिथं येतो. समोर बघा मला, मग काय ते ठरवा," ते म्हणाले. पलीकडच्यानं फोन ठेवला नाही. तो बेकरीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. पाव उतरवून अकराला मोकळा होतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बिल्लेवाले मृत्यूचा दाखला आणि दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून बेकरीच्या मागच्या दाराशी उभे राहिले. ड्रायव्हर चाळिशीचा, बाह्यांवर पीठ. त्यानं दाखला वाचला. दवाखान्याच्या कागदावर 'संपर्क' म्हणून लिहिलेला नंबर स्वतःच्या नंबराशी ताडून बघितला. मग पाकीट दोन्ही हातांनी परत दिलं.

"अजून येतात हो त्यांना फोन," तो म्हणाला. "ब्लाउज झाला का, म्हणून विचारतात. वाचनालयातली कुणी एक विचारायची, ताई का येत नाहीत? मी म्हणतो, राँग नंबर."

"आणखी कुणी?"

ड्रायव्हर बाहीवरचं पीठ झटकत राहिला. "एकीचा आला होता. दीड-दोन महिने झाले. नंबर दिसला नाही, नुसतं 'अनोळखी'. मी उचलला तर पहिलाच शब्द, 'आई?' मी म्हटलं, राँग नंबर. तिनं परत लावला. मी वैतागून म्हटलं, बाई, इथं तुमची कुणी आई नाही. मग नाही आला."

बिल्लेवाले पावाच्या रिकाम्या क्रेटवर बसले.

"मला काय माहीत, काका," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमची काही चूक नाही. नंबर तुम्हाला रीतसर मिळाला."

ड्रायव्हर स्वतःच म्हणाला, चला, मी येतो दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर काय करायचं ते करा. तिघं मिळून कॉम्प्युटरपुढे बसले. बाईंनी बटण दाबलं, ड्रायव्हरच्या खिशात फोन वाजला, त्यानं सहा आकडे मोठ्यानं वाचले. बाईंनी नवा पासवर्ड टाकायला सांगितला आणि दोघांनी तोंडं फिरवली. बिल्लेवाल्यांनी बायकोच्या जाण्याची तारीख टाकली. ती पक्की माहीत होती.

खातं उघडलं.

"ह्या ओळी ठळक दिसतात ना, त्या न वाचलेल्या," बाईंनी बोट दाखवलं. "साध्या दिसतात त्या वाचलेल्या. आणि इकडे 'पाठवलेली' म्हणून आहे, त्यात त्यांनी स्वतः लिहिलेली." मग त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला हो, तुम्ही आणि मी चहा आणू." एका चहासाठी दोन माणसं लागत नाहीत, पण ड्रायव्हर मुकाट्यानं उठला.

ठळक ओळींमध्ये जाहिराती होत्या, आणि मुलीच्या नावाच्या पाच ओळी होत्या.

पहिलीत तिनं नवी खोली घेतल्याचं लिहिलं होतं, खिडकीतून गोदाम दिसतं म्हणून. दुसरीत, 'आई, ह्या रविवारी काही आलं नाही, बरी आहेस ना?' तिसरी दोन ओळींची. चौथीत फोन केल्याचं होतं: 'कुणी पुरुष म्हणाला, इथं तुमची कुणी आई नाही. नंबरही बदललास?' पाचवी पाच आठवड्यांपूर्वीची होती.

'आई, मला कळलं. बाबांनी तुला शेवटी स्वतःसारखं करून टाकलं. मी तुला दोष देत नाही, तुला त्यांच्याबरोबर राहायचंय. आता मी लिहिणार नाही. जपून राहा. गुडघ्याला तेल लावत जा.'

बिल्लेवाले 'पाठवलेली' वर गेले. बायकोची पत्रं शेकड्यांनी होती. त्यांनी मधलंच एक उघडलं. 'बाबा काल तुझ्याबद्दल विचारत होते. उघड नाही विचारत, पण तुझी खुर्ची अजून हलवू देत नाहीत.' दुसरं उघडलं. 'बाबांनी तुझ्या वाढदिवसाला गोड करायला सांगितलं.' त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. खुर्ची त्यांनीच उचलून माळ्यावर टाकली होती. आणि मुलीची उत्तरं होती: 'खोटं बोलू नकोस ग आई. पण लिही. बरं वाटतं.'

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते भिंतीकडे बघत बसले होते.

"आता तुमच्या नावाचं खातं काढू," बाई म्हणाल्या. "आईच्या खात्यातून पत्र गेलं तर पोर आईचं नाव बघून आनंदानं उघडेल, आणि आत हे. तसं करू नये."

हे बरोबर होतं. बिल्लेवाल्यांचं स्वतःचं खातं निघालं. ते सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. 'कळविण्यात येते की तुझी आई अमुक तारखेस—'

"हे काय? नोटीस काढताय का?"

"मला असंच येतं."

बाईंनी ते तसंच राहू दिलं. शेवटी 'तुझा फोन नंबर त्वरित कळवावा' असंही घातलं.

सहा दिवस काही आलं नाही. बिल्लेवाले रोज अकराला जाऊन बाकावर बसायचे. त्यांच्या खात्यात एकच पत्र होतं, तेही कंपनीचं: आपलं स्वागत आहे. बाई म्हणाल्या, अनोळखी पत्त्याचं पत्र कधी कधी कचऱ्यात पडतं, तिनं बघितलंच नसेल. सातव्या दिवशी बिल्लेवाले म्हणाले, "तिच्या आईच्या खात्यातूनच पाठवा. मला दुसरं दार दिसत नाही."

तेच पत्र तसंच्या तसं आईच्या खात्यातून गेलं. उत्तर अर्ध्या तासात आलं. बाईंनी ते वाचलं आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

'तू कोण आहेस मला माहीत नाही. माझ्या आईचं खातं तू चोरलंयस एवढं कळतंय. आई मेली म्हणून सांगतोस आणि वर माझा नंबर मागतोस? असल्या फसवणुकी मी इथं रोज बघते, आमच्या म्हाताऱ्यांना लुटतात तुमच्यासारखे. माझे बाबा मला कधीच लिहिणार नाहीत. ते जर तू असशील, तर फक्त त्यांनाच माहीत असेल असं काहीतरी सांग. नाहीतर पोलिसांत जाते.'

"सोपं आहे की," बाई म्हणाल्या. "लहानपणचं काहीतरी सांगा. कुठे पडली होती, काय आवडायचं, तुम्ही काय हाक मारायचा."

बिल्लेवाल्यांनी विचार केला. ती पडली असेल तेव्हा ते कामावर होते. तिला काय आवडायचं ते आईला माहीत होतं, मेव्हणीला माहीत होतं, आणि आता खात्यात लिहिलेलं होतं. खातं चोरणारा कुणीही ते वाचून सांगू शकला असता. हाक ते नावानंच मारायचे. शाळेत एकदा सोडायला गेले होते, पण कुठल्या वर्षी ते आठवेना. एका माणसाचं आयुष्यभराचं बापपण त्यांनी उलटं-सुलटं करून झाडून बघितलं. फक्त त्यांना आणि तिला माहीत असलेलं असं त्यातून एकच निघालं.

"बाई, हे मी लिहितो," ते म्हणाले. "तुम्ही जरा तिकडे बघा."

बाई बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

ते एका बोटानं लिहू लागले. प्रत्येक अक्षर शोधावं लागत होतं. बाईंनी दोन गिऱ्हाईकं दारातूनच परत पाठवली. पाऊण तास लागला.

'तू गेलीस त्या दिवशी तुझ्या बॅगेचा पट्टा तुटला होता. मी बॅग खाली आणून दिली. आई वर होती. तिला ऐकू आलं नाही. खालच्या पायरीवर बॅग ठेवून मी तुला म्हणालो, तू मेलीस तरी आम्हाला कळवू नकोस, आणि आमच्यातलं कोणी मेलं तर तुला कळवणार नाही. तू काही बोलली नाहीस. आई खरंच गेली. मी कळवतो आहे.'

पाठवलं. बाई आत आल्या. त्या दिवशी उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओळ होती. 'हो. तुम्हीच आहात. कशानं?'

'हृदय. दोन दिवस दवाखान्यात होती. शुद्ध नव्हती,' त्यांनी लिहिलं. आई काही बोलली का, असं पोरगी विचारील असं वाटून त्यांनी वाट बघितली. तिनं विचारलं, 'मी ज्या दिवशी फोन केला, तेव्हा आईला जाऊन किती दिवस झाले होते?'

बिल्लेवाल्यांनी हिशोब केला. दहा आठवडे. तेवढंच लिहिलं. नंबर आपण आठ दिवसांत जमा केला होता, हेही लिहिलं. लपवून काय करायचं होतं?

नंतर चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी जे आलं ते शेवटचं.

'तुम्ही आईचं खातं बंद करू नका. तुम्हाला सगळं बंद करायची सवय आहे म्हणून सांगते. मी तिथे आईला लिहिणार आहे. ती पत्रं तुम्ही वाचायची नाहीत. मला उत्तर पाठवू नका.'

बिल्लेवाल्यांनी ते बाईंना वाचायला दिलं. बाईंनी वाचून चष्मा पुसला.

"एक आहे, काका. खातं फार दिवस कुणी उघडलंच नाही तर कंपनी ते बंद करून टाकते. अधूनमधून उघडावं लागेल."

"न वाचता?"

"उघडायचं आणि बाहेर पडायचं. पत्राला हात नाही लावला की झालं." मग त्यांनी काहीतरी दोन-तीन ठिकाणी दाबलं, आणि ओळींपुढे पत्राचे जे सुरुवातीचे शब्द दिसायचे ते दिसेनासे झाले. आता नुसतं नाव आणि तारीख.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते अकराला दुकानात जातात. पहिल्या महिन्यात मुलीच्या नावाच्या तीन ठळक ओळी होत्या. पुढच्या महिन्यात सात. गेल्या सोमवारी अकरा. त्यांतल्या दोन एकाच दिवशी, एका तासाच्या अंतरानं लिहिलेल्या.

"एकाच दिवशी दोन," बाई म्हणाल्या. "काही झालं नसेल ना हो तिला? आजारी-बिजारी? बघा तरी एक. कुणाला कळणारे?"

"वाचलं की ओळ साधी होते," बिल्लेवाले म्हणाले.

"ती मी परत ठळक करून देते. येतं करता."

बिल्लेवाले त्या दोन ओळींकडे बघत राहिले. त्यांचा हात माऊसवर होता. दोन ओळींत काय आहे ते वाचायला एक बोट पुरलं असतं.

"तिनं ते आईला सांगितलंय, मला नाही," ते म्हणाले.

त्यांनी ओळी पुन्हा एकदा मोजल्या, अकराच होत्या, आणि खात्यातून बाहेर पडायचं बटण दाबलं.